कुलुपांतील वही
(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव-समितीच्या चिटणिसांनीं जेव्हां मला समाजमाध्यमें व आपलें खासगीपण या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां मीं प्रथम नकार दिला. मी कांहीं यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. आयुष्याचीं तीस वर्षें शाळेंत गणित शिकविण्यांत गेलीं, व मोबाईल हातांत आला तो निवृत्त झाल्यावर. परंतु ह्या विषयांत माझ्या हातून एक चूक घडलेली आहे, आणि ती बोलून दाखवावयाची तर ह्याहून योग्य सभा मिळावयाची नाहीं, असें मनाशीं ठरवून मी येथें उभा आहें. ती गोष्ट शेवटीं सांगेन. ती नीट समजावी याकरितां आधीं थोडी पूर्वपीठिका हवी.

ह्या विषयाची गोष्ट निघाली कीं दोन उत्तरें हटकून ऐकूं येतात. पहिलें, "आमच्यापाशीं लपविण्यासारखें आहे तरी काय?" दुसरें त्याहून खुमासदार: "अहो, आपल्या वाडींत कोणाच्या चुलीवर काय शिजतें तें चार घरांना कळतें, येथें कसलें आलें खासगीपण?" रविवारीं मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारांत हीं दोन्ही उत्तरें मीं अनेकदां ऐकलीं आहेत, आणि खरें सांगावयाचें तर एके काळीं मीही तींच देत असें.

दुसऱ्या उत्तराचा विचार आधीं करूं, कारण त्यांत बरेंचसें तथ्य आहे. आपल्या वाड्यांतून कोणाची गोष्ट कोणापासून फारशी लपून राहत नाहीं. विहिरीवर, बाजाराच्या वाटेवर, रोझरीच्या बैठकीनंतर बातमी फिरतेच. पण जी शेजारीण माझ्या घरचें जाणते, तिच्या घरचें मीही जाणतों. माझा थोरला भाऊ दारू पीत असे हें तिला ठाऊक आहे. तसेंच, तिच्या सासऱ्यांना रात्रीं दोन वाजतां पाठीवर घेऊन दवाखान्यांत त्यानेंच पोंचविलें, हेंही तिला ठाऊक आहे. तिला भीड आहे, विसरही आहे. उद्यां तिनें भलतेंच कांहीं पसरविलें, तर कोणाच्या दारांत जाऊन भांडावयाचें हें मला कळतें. समाजमाध्यमांच्या कंपनीपाशीं यांपैकीं कांहीं नाहीं. ती आपल्याला जाणते, आपण तिला जाणत नाहीं; ती विसरत नाहीं; आणि तिच्याशीं भांडावयाचें तर कोणत्या दारांत उभें राहावें, हें कोणी सांगूं शकत नाहीं. शिवाय तिच्या वहींत दारूचा हिशेब असतो. पाठीवर कोणीं कोणाला नेलें याची नोंद असतेच असें नाहीं.

ही वही लिहिली जाते तरी कशी? येथें जरा तपशिलांत शिरणें भाग आहे. तरुण मंडळींना हें ठाऊक असेल. त्यांनीं क्षमा करावी.

१९९४ सालीं नेटस्केप ह्या कंपनींतील लू माँटुली या अभियंत्यानें एक लहानशी युक्ति काढिली. संकेतस्थळ पाहणाऱ्याच्या संगणकावर एक चिठ्ठी ठेवावयाची, व तोच मनुष्य पुन्हां आला कीं त्या चिठ्ठीवरून त्याला ओळखावयाचें. हिला 'कुकी' असें म्हणतात. हेतु निरुपद्रवी होता: दुकानांत निवडलेल्या वस्तु पुढच्या पानावर जातांच यंत्रानें विसरूं नयेत, इतकाच. पुढें फेसबुकनें २००९ सालीं 'लाइक'चा आंगठा आणिला, आणि २०१० पासून तो इतरांच्या संकेतस्थळांवरही बसवितां येऊं लागला. वर्तमानपत्र असो, आजाराची माहिती देणारें पान असो, कोपऱ्यांत तो आंगठा दिसावयाचा. आतां गंमत अशी कीं, तें चित्र पानावर उमटण्यासाठीं वाचकाच्या यंत्राला प्रत्यक्ष फेसबुकच्या यंत्राकडे मागणी करावी लागे, आणि त्या मागणीबरोबर ती चिठ्ठीही जात असे. म्हणजे आंगठा दाबा अगर दाबूं नका, अमुक मनुष्य अमुक पान वाचीत आहे ही वर्दी पोंचलीच. कालांतरानें आंगठ्याचीही गरज उरली नाहीं; डोळ्यांना न दिसणारा एक ठिपका, ज्याला 'पिक्सेल' म्हणतात, तेंच काम करूं लागला. कांहीं ब्राउझर अशा परक्या चिठ्ठ्या आतां अडवितात. तथापि फोनचा नंबर व ई-मेल जुळवून तोच मनुष्य हुडकून काढण्याची वाट मोकळीच आहे.

हा सारा खटाटोप जाहिरातीसाठीं. फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप हीं तिन्ही ज्या मेटा कंपनीच्या मालकीचीं, तिचें २०२३ सालचें उत्पन्न १३४ अब्ज डॉलरांहून अधिक होतें, आणि त्यांतील बहुतेक सारें जाहिरातींचें. आपल्यासारख्यांकडून एक पैही न घेतां हा पैसा उभा राहतो तो आपल्यावरील नोंदींच्या बळावर.

त्या नोंदींतून काय काय वाचतां येतें, याचा एक प्रयोग केंब्रिज विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केला. ५८,००० हून अधिक स्वयंसेवकांनीं आपल्या 'लाइक' त्यांना तपासूं दिल्या होत्या. कोणाला कोणतें गाणें आवडलें, कोणता खाऊ आवडला, असल्या किरकोळ गोष्टी. केवळ तेवढ्यावरून मनुष्य ख्रिस्ती आहे कीं मुसलमान, हें त्यांच्या गणितानें शंभरांत ब्याऐंशी वेळां बरोबर ओळखिलें. वर्णानें गोरा कीं काळा, हें पंचाण्णव वेळां. गणिताच्या मास्तराला ह्याचें कौतुक वाटावयास हवें, व तें वाटलेंही. पण ज्यानें आपला धर्म सांगितला नाहीं, त्याचाही धर्म त्याच्या गाण्यांवरून कळतो, हें लक्षांत आल्यावर "लपविण्यासारखें काय आहे?" हा प्रश्न मला पूर्वीइतका सोपा वाटेनासा झाला. आपण सांगितलें तेवढेंच त्यांना कळतें, हा आपला समज मुळांतच चुकीचा आहे.

ओघानें एका लोकप्रिय समजुतीविषयीं सांगतों. "फोन आपलें बोलणें चोरून ऐकतो, काल पंख्याची गोष्ट काढली आणि आज पंख्याची जाहिरात आली," असें पुष्कळजण शपथेवर सांगतात. अमेरिकेंतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठांतील मंडळींनीं २०१८ सालीं १७,००० हून अधिक ॲपें तपासलीं. गुपचूप बोलणें टिपून पाठविण्याचा पुरावा त्यांना मिळाला नाहीं. कांहीं ॲपें पडद्यावर चाललेलें चित्र मात्र बाहेर पाठवीत असल्याचें आढळलें. खरें पाहतां ऐकण्याची गरजच पडत नाहीं. ज्या भाचीपाशीं आपण पंख्याची गोष्ट काढली, तिनें घरीं जाऊन पंखे पाहिलेले असतात; आणि आपण दोघे एकाच घरीं दोन तास बसलों होतों हें यंत्राला कळण्याजोगें असतें. व्हॉट्सॲपवरील मजकूर २०१६ पासून पूर्णपणें कुलूपबंद असतो, हेंही खरें. तो मजकूर कंपनीला वाचतां येत नाहीं. परंतु कोण, कोणाशीं, केव्हां व किती वेळां बोललें, हें पाकिटावरील पत्त्यासारखें बाहेरच राहतें.

मग लोक बेफिकीर आहेत म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं. २००८ सालीं कार्नेगी मेलन विद्यापीठांतील मॅक्डोनल्ड व क्रेनर या दोन विदुषींनीं एक हिशेब मांडला: एका सामान्य अमेरिकन मनुष्यानें वर्षभरांत पाहिलेल्या सर्व संकेतस्थळांच्या खासगीपणाच्या अटी वाचावयाच्या ठरविल्या, तर त्याला सुमारें दोनशें तास लागतील. रोज आठ तास बसला तर पंचवीस दिवस! तेव्हां न वाचतां 'मान्य' म्हणणारा मनुष्य आळशी नसून व्यवहारीच म्हणावयाचा. २०१५ सालीं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे जोसेफ ट्यूरो व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकन लोकांना विचारून पाहिलें. शंभरांतील अठ्ठावन्न जणांचें मत दुहेरी निघालें: माझ्या माहितीवर माझा ताबा असावा असें मला वाटतें; परंतु तो माझ्या हातीं फारसा राहिलेला नाहीं, हें मीं पत्करलें आहे. ट्यूरो यांनीं ह्याला हताशपणा म्हटलें आहे, राजीखुशी नव्हे. आणि जेथें सरळ विचारण्यांत आलें तेथें उत्तरही सरळ आलें. एप्रिल २०२१ मध्यें ॲपल कंपनीनें आपल्या फोनांपुरता नियम केला कीं, इतरत्र माग काढावयाचा असेल तर ॲपनें मालकाला एका वाक्यांत तसें विचारावें. बहुतेकांनीं 'नको' म्हटलें. परिणाम असा कीं, फेब्रुवारी २०२२ मध्यें मेटा कंपनीनें ह्या एका बदलामुळें त्या वर्षीं सुमारें १० अब्ज डॉलरांचें उत्पन्न बुडेल असा अंदाज सांगितला. (आपल्यापैकीं बहुतेकांपाशीं तो महागडा फोन नाहीं, ही गोष्ट निराळी.)

आपल्याकडेही ह्याचा अनुभव आला. जानेवारी २०२१ मध्यें व्हॉट्सॲपनें नव्या अटी पुढें केल्या, तेव्हां आपल्या तरुणसंघाचा आख्खा गट दुसऱ्या ॲपवर गेला होता, हें आपणांस आठवत असेल. किती दिवस राहिला? पंधरवडाही नाहीं. मयताची बातमी, मिस्सेच्या वेळेंतील बदल, सुटीनें बंद असलेल्या बँका, हें सारें जुन्याच जागीं येत राहिलें, आणि एकेकजण मुकाट्यानें परत आला. मीही आलों. गांव जेथें बसतें तेथेंच मनुष्याला बसावें लागतें. त्या अटींच्या प्रकरणीं भारतीय स्पर्धा आयोगानें नोव्हेंबर २०२४ मध्यें मेटा कंपनीस २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला. कंपनी त्यावर अपिलांत गेली.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. आजवर आपण असें धरून चाललों कीं माझें खासगीपण हें माझें आहे. तें मीं दिलें तर माझें गेलें, दुसऱ्याला काय त्याचें? हें गृहीतच खोटें आहे. २०१८ सालीं केंब्रिज ॲनॅलिटिका ह्या कंपनीचें प्रकरण जगभर गाजलें. स्वभावाची चांचणी घेणाऱ्या एका फेसबुकवरील ॲपनें, तें वापरणाऱ्यांची व त्याबरोबर त्यांच्या मित्रांचीही माहिती गोळा केली होती, आणि ती राजकीय प्रचाराचा धंदा करणाऱ्या ह्या कंपनीच्या हातीं गेली होती. जगांतील ८ कोटि ७० लाखांपर्यंत लोकांना ह्याची झळ पोंचली असावी, असें फेसबुकनेंच सांगितलें. पण माझें लक्ष खिळलें तें आपल्या देशाच्या आंकड्यांवर. भारतांत तें ॲप स्वतः बसवून घेणारे लोक होते ३३५. त्यांच्यापायीं ज्यांची माहिती जाऊं शकत होती ते लोक ५,६२,१२०. भागाकार करून पाहा: एकेका मनुष्याच्या बोटामागें सोळाशेंहून अधिक माणसें! त्यांना कोणीं विचारिलें नव्हतें, आणि त्यांनीं होकारही दिला नव्हता. त्यांचा होकार त्यांच्या कोणा मित्रानें, करमणूक म्हणून, परस्पर देऊन टाकिला होता.

आपल्या सणाच्या दिवशीं मंडपांत काढिलेल्या फोटोंचेंही तेंच. चेहऱ्यांवर नांवें लावण्याची हौस आपल्याला भारी. फेसबुकनें ह्या नांवांच्या आधारें चेहरा ओळखणारी यंत्रणा चालविली होती. नोव्हेंबर २०२१ मध्यें ती बंद करण्याचें जाहीर केलें, तेव्हां शंभर कोटींहून अधिक लोकांच्या चेहऱ्यांचे ठसे पुसून टाकण्याचें ठरलें. ज्यांचे ते ठसे, त्यांपैकीं कितीजणांचीं नांवें दुसऱ्यांनीं लाविलीं होतीं, हा विचार आपण घरीं जाऊन करावा.

कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांच्या खटल्यांत, खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमतानें दिला. त्यानंतर २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें निघाले; त्यांतील मुख्य कलमें लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेविली आहे. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखविण्यास त्यांत मनाई आहे, ही गोष्ट पालकांनीं ध्यानांत ठेवावी. ज्याची माहिती त्याची संमति, हा त्या कायद्याचा पाया. परंतु शेजाऱ्याची माहिती माझ्या खिशांत आहे आणि संमतीचें बटण माझ्या बोटाखालीं आहे, तेथें कायद्याचा हात पोंचण्याआधींच सारें आटोपलेलें असतें.

आतां माझी गोष्ट.

गरिबांस साह्य करणाऱ्या आपल्या मंडळाची एक वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची. कोणाच्या घरीं महिन्याचें धान्य जातें, कोणाच्या मुलाची फी भरिली, कोणाच्या औषधाला किती दिले, हें तींत लिहिलेलें असतें. ती कपाटांत, कुलुपांत असते, किल्ली दोघांपाशीं. मंडळांत शिरणाऱ्या प्रत्येकाला बजावण्यांत येतें कीं, ह्या वहींतील नांव स्वतःच्या पत्नीपाशींही काढावयाचें नाहीं. माझ्या वडिलांनीं बावीस वर्षें हें काम केलें. ते गेल्यावर वही माझ्याकडे आली, तेव्हां ज्या घरच्या मुलांबरोबर मी लहानाचा मोठा झालों, त्या घरीं वडील वर्षानुवर्षें तांदूळ पोंचवीत होते हें मला प्रथम कळलें. आईला तें शेवटपर्यंत ठाऊक नव्हतें.

२०२२ सालीं वाटपाच्या सोयीकरितां मीं त्या वहींतील फोन नंबर मोबाईलमध्यें उतरवून घेतले. आपल्याकडे एकाच नांवाच्या चार-पांच बायका असतात. म्हणून ओळख पटावी यासाठीं प्रत्येक नांवापुढें खूण केली: 'धान्य मदत', 'फी मदत', 'डायलिसिस मदत'. त्याच सुमारास, अनोळखी फोन कोणाचा आला तें पडद्यावर दाखविणारें एक ॲप माझ्या भाच्यानें मला बसवून दिलें. तें कोणतें हें सांगत नाहीं. तशीं अनेक आहेत. बसवितांना त्यानें विचारिलें कीं, तुमच्या फोनांतील नांवांची यादी वाचूं का? मीं 'होय' वर बोट ठेविलें. अनोळखी माणसाचें नांव त्या यंत्राला कोठून कळत असेल, असा प्रश्न मला, जन्मभर गणित शिकविणाऱ्याला, पडला नाहीं. तें कळतें माझ्यासारख्यांच्याच याद्यांतून.

यादींतील एका बाईच्या मुलीचें लग्न जमत होतें. (ही गोष्ट सांगण्याची परवानगी मीं त्या बाईकडून घेतली आहे, व ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.) मुलाकडच्यांना तिनें फोन केला. त्यांच्या पडद्यावर तिचें नांव उमटलें, आणि नांवापुढें माझे दोन शब्द: 'धान्य मदत'.

लग्न मोडलें नाहीं. तीं माणसें भलीं होतीं. लग्न झालें, मुलगी सुखांत आहे. पण व्याह्यांनीं हंसत हंसत विचारिलें कीं, हें तुमचें नवें आडनांव कोणतें? तिनें ह्यांतलें कांहीं मला कळविलें नाहीं. ती धान्य घ्यावयाचीच थांबली. तीन महिने पिशवी परत येत राहिली. चौथ्या महिन्यांत मी तिच्या ओट्यावर जाऊन बसलों. बऱ्याच वेळानें ती आंतून बाहेर आली व म्हणाली, "सर, तुम्ही कुणाला सांगणार नाही म्हणून मी घेत होते." मीं कोणालाही सांगितलेलें नाहीं, असें म्हणण्यासाठीं मीं तोंड उघडलें. तेव्हां तिनें मला तो फोन दाखविला.

मीं तें ॲप त्याच दिवशीं काढून टाकिलें, खुणाही पुसल्या. त्यानें माझा फोन स्वच्छ झाला. तिकडे गेलेलें परत आलें नाहीं. तेथील यादींतून नांव उतरवून घ्यावयाचें तर ज्याचा नंबर त्यानेंच त्या फोनवरून अर्ज करावा, असा नियम निघाला. देतांना माझें एक बोट पुरलें होतें. परत मागण्यासाठीं एकेचाळीस घरांच्या मंडळींना आपापला फोन उघडून बसावें लागणार होतें, आणि त्याआधीं तें कां करावयाचें हें मला त्यांना सांगावें लागणार होतें.

तेव्हांपासून संध्याकाळीं मी एकेका घरीं जातों. कोणी रागावतात, बरेचसे रागावत नाहींत, तें अधिक जड जातें. एके घरीं तर, "असूं द्या सर, आमचं कोण बघतंय!" असें म्हणून मलाच चहा दिला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनीं सर्व नीट ऐकून घेतलें, चष्मा काढून पुसला, आणि विचारिलें, "मग सर, आमचं नाव असं एकंदर किती लोकांनी पाहिलं असेल?" मला उत्तर देतां आलें नाहीं.

तेहतीस घरें झालीं आहेत, आठ राहिलीं आहेत. त्यांतील कांहीं मंडळी ह्या सभेंतही असतील. तीं कोठें बसलीं आहेत तिकडे मी पाहत नाहीं. महोत्सव आटोपला कीं त्यांच्याकडे येईन.